समुद्र लांब, तापी जवळ

राम राम मंडळी. कसा शेतस बठ्ठा?

खान्देशात सहलीचा विषय निघाला की पोरांचं पहिलं बोट समुद्राकडे. पण उधना ते जळगाव हा रेल्वेमार्गच ३०६ किलोमीटरचा, आणि सुरतचा किनारा त्याच्याही पुढे. एका दिवसात जाऊन यायचं म्हटलं तर पोरं लाटांपेक्षा डब्याची खिडकीच जास्त बघतील. म्हणून आजच्या गप्पांत समुद्र मी नवापूर-नंदुरबारकडच्या श्रोत्यांना देतो. बाकीच्यांना तापी.

देवळं आणि पाणी, दोन्हींची आपल्याकडे वाण नाही. घोडं अडतं ते पुढे. दर्शन झालं, नारळ फुटला, डबा संपला, फोटो काढून झाले, की पोरगं विचारतं, ‘आते काय?’ त्याच्या हाताला काहीतरी काम देणं, हे मोठ्यांनी घरूनच ठरवून निघायचं.

मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेव गावाजवळ तापी-पूर्णेचा संगम आहे. खाली हतनूर धरण असल्यामुळे तिथं पाणी ऐसपैस पसरलेलं असतं. समुद्राची हौस निम्मी तरी भागते. काठावर चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्यानं ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवलं, ही कथा तुम्हाला ठाऊक आहेच. वयानं लहान, ज्ञानानं मोठे; मायना काय लिहावा हेच सुचेना. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी ६५ ओव्या लिहिल्या, आणि पुढे चांगदेवांनी गुरू केलं ते लहानग्या मुक्ताबाईला.

आता पोरांचं काम. प्रत्येकाला एकेक पोस्टकार्ड द्या आणि देवळाच्या सावलीत बसवा. आजोबांना लिहू दे, मामाला लिहू दे, चांगदेवांना लिहिलं तरी चालेल. पत्ता मात्र त्यांनीच घालायचा; पिनकोड म्हणजे काय हे पुष्कळ पोरांना तिथंच पहिल्यांदा कळतं. परतताना मुक्ताईनगरला कार्ड पेटीत टाका, आणि कोथळीचं मुक्ताईचं जुनं मंदिरही बघून घ्या. हिवाळ्यात गेलात तर दुर्बीण विसरू नका. हतनूरच्या फुगवट्यावर दूरदूरचे पाहुणे पक्षी उतरतात. नारिंगी-तपकिरी अंगाचा चक्रवाक तर पोरांना लगेच ओळखू येतो. नावेत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट असेल तरच बसा. काठाला गाळ असतो, तेव्हा पाण्यात उतरण्याचा हट्ट कुणाचाच पुरवू नका, मोठ्यांचाही नाही.

आता वांग्याकडे येतो. हिवाळ्यातली सहल भरताशिवाय उरकायची, हे मला तरी पटत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मोठं, फिक्या हिरव्या रंगाचं, कमी बियांचं हे वांगं. नात्यातलं, ओळखीचं कुणाचं शेत वाटेवर असेल तर आदल्या दिवशी फोन करून ठेवा. वांगी तोडायची पोरांनी, त्यांना तेलाचा हात लावायचा पोरांनी, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गोळा करायच्या पोरांनीच. काडी तेवढी मोठ्या माणसानं लावायची. वांगी वरून काळी पडून आतून मऊ झाली, थोडी निवली, की साल काढायला पुन्हा पोरांना बसवा. बोटं काळी होतील, कपडेही होतील. मग लाकडी बडगीत हिरव्या मिरचीबरोबर ठेचायचं. वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी. घरी वांगं बघून नाक मुरडणारं पोरगं इथं दुसऱ्यांदा वाढून घेतं, कारण ते त्यानं स्वतः ठेचलेलं असतं.

चाळीसगावकडच्यांना तापी लांब पडते. त्यांच्यासाठी पाटणादेवी. गौताळ्याच्या जंगलात चंडिकादेवीचं देऊळ आणि पावसाळ्यात वाहते ओढे. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा उल्लेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यानं मठ काढला, आणि १२०७ साली त्या मठाला दान मिळालं. हे चांगदेव वेगळे बरं का, संगमावरचे ते नव्हेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सावलीवरची गणितं आहेत, तेव्हा तिथं गणित जमिनीवरच करू. एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा, तिची सावली मोजा, लगेच जवळच्या झाडाची सावली मोजा. झाडाच्या सावलीला काठीच्या सावलीनं भागलं की झाडाची उंची मीटरमध्ये मिळते. देवळावर हा प्रयोग करू नका. रुंद देवळाची सावली बरीचशी त्याच्याच अंगावर पडते आणि हिशेब चुकतो. सरळ वाढलेलं, मोकळ्यावरचं झाड शोधा. टेप नसेल तर पावलं चालतील.

आणि आता नंदुरबारकर. पहाटेची गाडी धरा, सुरतला उतरा, तिथून डुमस गाठा. रेती काळपट आहे. मुंबईकडची चौपाटी डोळ्यांपुढे ठेवून जाल तर हिरमुसाल. किनाऱ्याजवळच दर्या गणेशाचं देऊळ आहे. जाण्याआधी भरतीची वेळ मात्र बघूनच जा. ती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आणि ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की समुद्र शोधावा लागतो. पोरांना काड्या द्या, दर दहा मिनिटांनी पाणी जिथवर पोचलं तिथं एकेक रोवायला सांगा. पाणी चढतंय की उतरतंय, हे त्यांचं तेच सांगतील. पोहणं नाही, म्हणजे नाही. आणि त्यांना हेही सांगा, की मुलताईला उगम पावलेली आपली तापी ७२४ किलोमीटर चालून इथंच जवळपास समुद्राला मिळते. तापीकाठच्या प्रकाशा गावी जिच्यात पाय बुडवले, तीच ही.

एका दिवसात एकच ठिकाण धरा. चांगदेव करून पाटणादेवी गाठणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या पोरांना गाडीतल्या सीटचा रंगच आठवतो. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडल्याची बातमी आली, की नदीकाठचा बेत मोडा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात यातलं काहीच करू नका. त्या दिवसांत गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे असतात, पोरांच्या हातांना काम घरीच भरपूर आहे.

नमस्कार.