पाण्याची पातळी आणि तापाची पातळी

श्रोतेहो, पावसाने जोर धरला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीचा असतो. 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. आपल्या वॉर्डात एरवी आठवड्याला जुलाबाचे किती रुग्ण असतात, असे विचारले तर मात्र जाणती माणसेही गप्प होतात. नेहमीची पातळी ठाऊक नसेल तर पाणी चढले हे ओळखायचे कसे?

साथरोग सर्वेक्षणाचा गाभा हाच आहे. देशात 2004 पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम सुरू आहे. त्यात आरोग्यसेविका लक्षणांवरून, वैद्यकीय अधिकारी संभाव्य निदानावरून आणि प्रयोगशाळा तपासणीवरून नोंद करते, आणि त्या नोंदी मागील वर्षांच्या त्याच दिवसांशी ताडल्या की वाढ दिसते. अडचण नोंदीच्या आधीची आहे. ताप आला की आपण गल्लीतल्या खासगी डॉक्टरांकडे जातो, आणि तिथला केसपेपर बऱ्याचदा तिथेच राहतो.

काविळीत नोंदीला होणारा हा उशीर फार महाग पडतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती. हा विषाणू दूषित पाण्यातून पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे, सरासरी पाच-सहा आठवडे जातात. म्हणजे पहिला रुग्ण दिसतो तेव्हा महिन्यापूर्वीच्या पाण्याची बातमी आपल्याला आज कळत असते. मधल्या काळात ज्यांनी ते पाणी प्यायले, ते जलवाहिनीची गळती काढल्यानंतरही आजारी पडत राहतात, त्यामुळे दुरुस्ती होऊनही रुग्ण वाढलेले पाहून लोक संतापतात. (त्या संतापाला इतर कारणेही असतात, हे मला मान्य आहे.) शेवटच्या तिमाहीतल्या गर्भवतींना या काविळीचा धोका सर्वाधिक असल्याने त्यांची यादी पहिल्याच दिवशी हातात हवी. रुग्णांची घरे नकाशावर मांडताना जलवाहिन्याही दाखवाव्यात, कारण समोरासमोरच्या दोन घरांना वेगळ्या टाक्यांचे पाणी येत असू शकते. पुंजका दिसेल तिथे शेवटच्या नळावर ओटी चाचणी, म्हणजे पाण्यात उरलेल्या क्लोरीनची तपासणी, घ्यावी; तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरत नसेल, तर टाकीत टीसीएल ही जंतुनाशक क्लोरीनची पावडर टाकल्याच्या सहीला काही अर्थ नाही.

डेंगीच्या कोरड्या दिवसाबद्दल, म्हणजे आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी रिकामी करण्याबद्दल, आपण पुष्कळ ऐकले आहे, म्हणून ते सोडतो. महापुराचे मात्र सांगायला हवे. 2019 आणि 2021 च्या पुरांनंतर आपण घराघरांतून चिखल उपसला. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या अशा चिखलपाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पायाच्या जखमेवाटे शिरू शकतात, आणि ताप बहुधा एक-दोन आठवड्यांनी येतो. तोवर छावणी उठून माणसे घरी परतलेली असतात. म्हणून पाणी ओसरल्यावर महिनाभर तरी घरोघरची फेरी थांबवू नये, आणि तापाच्या प्रत्येक रुग्णाला ‘चिखलात उतरला होता का?’ हे विचारल्याशिवाय सोडू नये.

पेठांतल्या डॉक्टरांकडे माझी मागणी साधी आहे. ताप, जुलाब आणि कावीळ यांचे नुसते आकडे, नावे नकोत, त्यांनी रोज संध्याकाळी वॉर्डाच्या आरोग्य केंद्राला कळवावेत, आणि केंद्राने ते बंधाऱ्याच्या फुटांसारखे दारातल्या फळ्यावर लिहावेत.