मालकाचा शुक्रवार

मित्रहो, व्यवसायात गळ्यापर्यंत बुडालेल्या मालकाने कामाचा आठवडा नीट कसा संपवावा, हा विषय संयोजकांनी मला दिला असे पत्रिकेत छापले आहे. प्रत्यक्षात तो मी मागून घेतला आहे. गेली कित्येक वर्षे भेटेल त्याला मी हाच विषय ऐकवत आलो आहे, आणि घरच्यांनी तो ऐकणे केव्हाच बंद केले आहे. शुक्रवारच्या एका तासात आठवडा कसा मिटवता येतो, हे मी शेवटी सांगणार आहे. पण त्याआधी तो मिटत का नाही, हे पाहावे लागेल. समोर बसलेले बहुतेक जण स्वतःचा व्यवसाय चालवणारे आहेत, तेव्हा पगाराची तारीख जवळ आली की झोप कशी उडते, किंवा उधारी मागताना आवाज किती मऊ ठेवावा लागतो, हे समजावून सांगण्यात वेळ घालवत नाही.

कामगाराचा आठवडा संपतो, कारण तो संपावा म्हणून कोणीतरी भांडले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना संघटित केले, तेव्हा कुठे १८९० साली रविवारची सुटी त्यांच्या पदरात पडली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९१९ सालचा अगदी पहिलाच करार दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारा होता, आणि १९२१ साली उद्योगांतील साप्ताहिक विश्रांतीचा स्वतंत्र करार झाला. हेन्री फोर्ड यांनी १९२६ साली आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला आणि त्यामागचे गणितही लपवून ठेवले नाही : ज्याच्यापाशी मोकळा वेळ असेल, तोच अधिक वस्तू विकत घेईल, मोटारीसुद्धा. आपला स्वार्थ इतक्या सरळपणे सांगणारा मालक विरळाच. मात्र या सगळ्या इतिहासात मालक नेहमी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला आहे. सुटी त्याच्याकडे मागितली जाते; त्याने ती कोणाकडे मागावी, याचा विचार कोणत्याही करारात नाही. कामगाराला किती तास राबवावे यावर कायदा आहे, पण रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या कोटेशनचे आकडे जुळवत बसू नये, असे मालकाला बजावणारा निरीक्षक अजून नेमला गेलेला नाही.

या बाबतीत माझी एक आवडती हकिकत आहे. ती थोडी लांबते, पण आठवड्याला शेवट का लागतो, हे तिच्याइतके चांगले मला दुसरीकडे कुठे सापडलेले नाही.

सोव्हिएत संघातल्या राज्यकर्त्यांना १९२९ साली असा प्रश्न पडला की, एवढी महागडी यंत्रे आठवड्यातून एक दिवस नुसती गप्प का बसतात. युरी लारिन नावाच्या अर्थतज्ज्ञाने त्यावर तोड काढली. सगळ्यांची सुटी एकाच दिवशी असते म्हणून यंत्र थांबते, तेव्हा सुटीच वाटून टाकावी. आठवडा पाच दिवसांचा करण्यात आला, कामगारांचे पाच गट पाडण्यात आले, प्रत्येक गटाला एक रंग मिळाला, आणि चार दिवस काम करून पाचव्या दिवशी ज्याने त्याने आपापल्या रंगाच्या दिवशी विश्रांती घ्यावी, असे ठरले. त्यामुळे कोणत्याही दिवशी पाचांपैकी चार माणसे कामावर असत आणि यंत्र अखंड चालू राही. वर्षात असे ७२ आठवडे बसवले आणि उरलेले ५ दिवस राष्ट्रीय सुट्यांसाठी ठेवले. कागदावर पाहिले तर कामगाराची सुटी वाढलीच होती : सातांतून एका दिवसाऐवजी पाचांतून एक. तक्रारीला जागा म्हणून कुठे नव्हती.

ती प्रत्यक्षात निघाली. नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा, मित्रमंडळींचा तिसराच. सुटी प्रत्येकाला होती, पण ती ज्यांच्याबरोबर घालवायची ती माणसे त्या दिवशी कामावर असत. घरांची ही गोष्ट झाली. मला जास्त रस आहे तो कारखान्यात काय झाले यात. यंत्र थांबतच नसल्यामुळे ते उघडून पाहायला, तेलपाणी करायला, झिजलेला भाग बदलायला निवांत दिवस उरला नाही. शिवाय रोज वेगळ्या हातांत जाणारे यंत्र कोणाचेच राहिले नाही, आणि बिघाड झाला की प्रत्येकाचे बोट आदल्या दिवशीच्या माणसाकडे. या बेजबाबदारीबद्दल १९३१ साली खुद्द स्टालिन यांनी भाषणात जाहीर नापसंती व्यक्त केली. त्याच वर्षी बहुतेक ठिकाणी हा प्रयोग गुंडाळला गेला आणि सहा दिवसांचा आठवडा आला, ज्यात महिन्याच्या ६, १२, १८, २४ आणि ३० तारखेला सगळ्यांना एकत्र सुटी असे. आणि जून १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडा रविवारसकट परत आला. जिथे राज्यकर्त्यांच्या शब्दापुढे कोणाचे काही चालत नव्हते, तिथेही रविवार हटला नाही, तर आपला एखादा ग्राहक तो काय हटवणार, असे कोणालाही वाटेल. तसे वाटणाऱ्याला ग्राहक भेटलेले नाहीत.

आपल्यापैकी बहुतेकांनी हा फसलेला प्रयोग स्वतःच्या डोक्यावर चालू ठेवला आहे. डोक्याचा एक भाग सुटीवर असतो, बाकीचे चार कामावर, आणि रोज रंग तेवढे बदलतात. संपूर्ण यंत्र एकदा थांबवून, झाकण उघडून, आत काय झिजले आहे हे पाहण्याची वेळ येतच नाही. व्यवसायाला त्याचा फटका बसतो तो नेमका इथे. मालक थकतो हा त्याचा दुय्यम भाग आहे, आणि थकव्याबद्दल बोलणारे वक्ते आपल्याला पुष्कळ मिळतील.

आता माझे गाऱ्हाणे. माझा व्यवसाय खोक्यांच्या छपाईचा आहे. आमचा एक मोठा ग्राहक आहे, त्याचे नाव घेत नाही, कारण त्याच्याकडून येणे बाकी आहे. या ग्राहकाच्या खरेदी विभागातील एका अधिकाऱ्याचा निरोप दर शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या सुमाराला येतो. त्यातला एक मला तोंडपाठ आहे : 'छोटासा बदल आहे. निव्वळ वजनाची ओळ तीन मिलिमीटर खाली घ्यायची आहे. सोमवारी सकाळी नमुना हवा.' छपाईतले लोक हसले, म्हणजे त्यांना कळले, इतरांसाठी सांगतो. ती ओळ खाली घेतली की ती बारकोडला चिकटते. बारकोडच्या दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावीच लागते, नाहीतर तो यंत्राला वाचता येत नाही. म्हणून बारकोड सरकवावा लागतो. तो सरकवला की खोक्याच्या घडीवर जातो, आणि घडीवरचा बारकोड दुकानातल्या यंत्रापुढे कितीही वेळा धरला तरी उमटत नाही. म्हणजे ती संपूर्ण बाजू नव्याने मांडायची, नव्या प्लेटा करायच्या आणि हे सगळे शनिवारी, जेव्हा मांडणी करणारा गावाला गेलेला असतो. आम्ही ते केले. सोमवारी सकाळी नमुन्याची प्रत पाठवली आणि तत्काळ उत्तर आले, इतके तत्काळ की मला क्षणभर त्या गृहस्थांबद्दल आदर वाटला. उत्तर स्वयंचलित होते : मी गुरुवारपर्यंत रजेवर आहे.

या माणसावर रागावण्यात मी बराच काळ घालवला. नंतर लक्षात आले की त्याने आज मी ज्याच्यावर बोलतो आहे, तेच केले होते. त्याने आपला आठवडा फार सुरेख संपवला होता. टेबलावरचा शेवटचा कागद त्याने माझ्या टेबलावर ठेवला आणि हलक्या मनाने रजेवर गेला. शुक्रवारी संध्याकाळी येणारे निरोप पुन्हा एकदा या नजरेने वाचून पाहा. त्यांतले बहुतेक तातडीचे नसतात. कोणाचा तरी आठवडा संपत असतो आणि तो संपवण्यासाठी हातातली वस्तू पुढच्या टेबलावर सरकवलेली असते. पुरवठादार सरकवतो, ग्राहक सरकवतो, आपला व्यवस्थापक 'साहेब, जरा बघून ठेवा' म्हणून सरकवतो. मालकाचे टेबल या रांगेतले शेवटचे असते, त्यापुढे सरकवायला कोणी नाही. क्वचित शनिवारी रात्री तोही हाताखालच्या माणसाला फोन लावून उलट दिशेने ढकलतो, आणि त्याला आपण देखरेख म्हणतो.

अपुरे काम डोक्यात का घोळत राहते, याचा अभ्यास जुना आहे. बर्लिनमध्ये मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना मणी ओवणे, कोडी सोडवणे अशी छोटी छोटी कामे दिली, त्यांतली निम्मी मध्येच थांबवली आणि नंतर कोणती कामे आठवतात ते विचारले. थांबवलेली कामे जवळपास दुपटीने आठवली. पुढच्या प्रयोगांत हे प्रमाण सगळीकडे तसेच उतरले नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. माझ्या उपयोगाचे संशोधन आहे ते २०११ सालचे, मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर यांचे. अपुऱ्या कामाचे विचार दुसऱ्या कामात लुडबुड करतात, पण ते काम केव्हा आणि कसे करायचे हे नेमकेपणाने ठरवले की ती लुडबुड थांबते, काम झालेले नसले तरीही, असे त्यांना दिसले. आपल्यासाठी ही मोठीच सवलत आहे, कारण शुक्रवारपर्यंत सगळी कामे संपणारा व्यवसाय बहुधा बुडत चाललेला असतो.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, त्यावर 'पाच मिनिटे' असे लिहून खाली दोन रेघा ओढल्या आहेत. म्हणजे आता विषयाला सुरुवात केली पाहिजे.

वेळ : शुक्रवारी बारा ते एक, संध्याकाळी नव्हे. सगळे जण आपापले कागद पुढे सरकवू लागण्याच्या आधी, आणि ज्यांना फोन करावा लागेल ती माणसे जागेवर असताना. संध्याकाळी सहाला सापडलेली चूक सोमवारपर्यंत फक्त छळते. दुपारी बाराला सापडलेली त्याच दिवशी सुधारता येते.

पहिल्यांदा पैसा. बँकेतली आजची शिल्लक, आणि पुढच्या तेरा आठवड्यांची, म्हणजे एका तिमाहीची, येणी-देणी आठवडावार एकेका ओळीत. येण्यांत ग्राहकाने दिलेला शब्द धरू नये, त्याची आजवरची सवय धरावी. ज्यांची मुदत टळली आहे, त्यांच्या हिशेब विभागाला याच तासात फोन करावा, कारण चारनंतर तिथे कोणी फोन उचलत नाही.

दुसरे, दिलेले शब्द. या आठवड्यात आपण कोणाला काय कबूल केले, ते तपासावे आणि प्रत्येकाला आजच तीनपैकी एक उत्तर द्यावे : झाले, अमुक तारखेला होईल, किंवा होणार नाही. तिसरे उत्तर देण्याची आपल्याला सवय नाही. पण ग्राहक नकार पचवतो, ताटकळणे त्याला पचत नाही.

तिसरे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे : आपल्या सहीसाठी, होकारासाठी, 'बघतो' म्हणून अडलेली कामे. ती शोधायला स्वतःची वही उघडू नये, माणसांना विचारावे, 'माझ्यामुळे तुमचे काय थांबले आहे?' उत्तरे ऐकायला बरी वाटत नाहीत. ज्याचा निर्णय होतो तो तिथेच करावा. ठरावीक रकमेखालची खरेदी यापुढे न विचारता करण्याची मुभा द्यावी. उरलेल्यांना तारीख द्यावी.

चौथे, सोमवारचे पहिले काम कागदावर लिहून ठेवावे, आणि ते कामासारखे लिहावे. 'पुठ्ठ्याचे बघणे' हे काम नव्हे, ती काळजी झाली. 'साडेनऊला पुठ्ठेवाल्याला फोन. जाडी कमी येते आहे. मागच्या दोन्ही ट्रकांतले नमुने टेबलावर काढून ठेवले आहेत', हे काम झाले.

एक वाजल्यानंतर जे येईल, ते पुढच्या आठवड्याच्या आवकेत लिहावे. आता आणीबाणीचे काय, असे पुढच्या रांगेतल्या ताईंनी खुणेने विचारलेच आहे. आणीबाणी म्हणजे काय, हे आधीच लिहून एका जबाबदार माणसाकडे द्यावे : कोणाला इजा झाली, आग लागली, चोरी झाली, किंवा सोमवारी जाणारा माल यंत्र बंद पडल्याने अडकला. त्या यादीत नसलेल्या गोष्टीसाठी मालकाला फोन करायचा नाही. मालकानेही करायचा नाही. रविवारी काही सुचले तर जरूर लिहावे, पण निरोप सोमवारी सकाळी जाईल अशी वेळ लावून ठेवावा, कारण मालकाने 'घाई नाही' असे लिहिलेला निरोप आजवर कोणत्याही नोकराने घाई नाही असा वाचलेला नाही.

ज्यांचा धंदा शनिवार-रविवारीच जोरात चालतो, ते मघापासून माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहत आहेत. त्यांना हे सगळे लागू आहे, फक्त वार वेगळा घ्यावा, तो सगळ्यांना सांगून ठेवावा आणि दर आठवड्याला बदलू नये. त्यातही सुटीसाठी सोमवार निवडू नये. त्या दिवशी बँका आणि पुरवठादार दोन दिवसांचे साचलेले घेऊन उठतात आणि फोन वाजत राहतो. हिशेब मंगळवारी दुपारी मिटवून बुधवार मोकळा ठेवावा.