पोटरीवरचा पिवळा पट्टा

(दृश्य: जिल्हा परिषद शाळेची खोली. खिडक्यांवर चादरी बांधलेल्या. बाकांवर बसलेल्या बाया.)

पंखा बंद आहे, दार ओढून घेतलंय. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात, जानेवारीतल्या रविवारी सकाळी, उष्णता टिपणाऱ्या (थर्मल) कॅमेऱ्याने पायांच्या शिरा बघण्याची ही तपासणी भरली आहे. बायांनी लुगडी गुडघ्यापर्यंत वर खोचून पाय उघडे सोडलेत. आता पंधरा मिनिटं काहीच करायचं नाही. उन्हातून चालत आलेला पाय तसाच कॅमेऱ्यापुढे धरला, तर कॅमेऱ्यात ऊनच दिसेल. म्हणून पाय आधी खोलीच्या हवेला रुळू द्यायचा. या तपासणीतला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग. घाईगर्दीत नेमका हाच गाळला जातो.

आशाताई विचारत फिरतायत, "तेल लावून कोणी आलंय का? बाम? आत्ताच चहा कोणी घेतला?"

एक काकू हात वर करतात. पहाटे चुलीपाशी बसून त्यांनी पायांना तेल चोळलंय. पाय पुसून त्यांचा नंबर शेवटी लावला जातो, आणि त्यावर त्यांची कुरकुर सुरू होते.

"माह्या पायाची आग आग होते, हे तं मले आधीच माईत हाय. त्याचा फोटो कायले पाह्यजे?"

प्रश्न रास्त आहे.

(दृश्य: वावरात कापसाची वेचणी. कमरेला बांधलेली ओटी.)

कापसाची वेचणी म्हणजे सकाळपासून दिवस कलेपर्यंत पायावर उभं राहणं. चालणं असतं, पण ते दोन पावलं टाकून पुन्हा थांबणं. पायातलं रक्त वर चढवतात पोटरीचे स्नायू: माणूस चालला की पोटरी आवळते, शीर दाबली जाते आणि रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरेच्या आत झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारीचा फुटवॉल गळायला लागला की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. झडप निकामी झाली की शिरेतही तसंच होतं. उभं राहिलं की रक्त खाली उतरतं, शीर फुगते, नागमोडी होते. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. घराण्यातला त्रास, बाळंतपणं, वाढलेलं वजन, तासन्तास उभ्याचं काम, अशी कारणं एकावर एक चढत जातात.

काकू सांगतात, "सांजच्याले पाय असे जड होते का उचलत नाई. रातीले पोटरीत गोळे येते."

(दृश्य: कॅमेऱ्याचा पडदा. निळसर पाय, घोट्याच्या आतल्या बाजूने वर गेलेला पिवळा पट्टा.)

आता काकू उभ्या राहिल्यात, कॅमेऱ्याकडे पाठ करून. डावी पोटरी पडद्यावर निळसर-हिरवी, म्हणजे गार दिसते. उजवीवर घोट्यापासून गुडघ्याकडे एक पिवळा पट्टा गेलाय, आणि मध्ये दोन ठिकाणी त्याचे लाल ठिपके झालेत. थंड खोलीत पोटरीची कातडी साधारण 30 ते 32 अंशांवर असते. जांघेकडून उलटं खाली येणारं रक्त मात्र थेट धडातलं, जवळपास 37 अंशांचं. ते कातडीखालच्या शिरेत साचलं की वरची कातडी कोमट होते. निरोगी पायांत एकाच जागेचा उजव्या-डाव्यातला फरक अर्ध्या अंशाच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. इथे तो डोळ्यांना दिसतोय.

हे रंग खरे नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. कातडी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर टाकते. कॅमेरा त्यातले साधारण 8 ते 14 मायक्रोमीटर तरंगलांबीचे किरण टिपतो, आणि कोणत्या तापमानाला कोणता रंग द्यायचा ते सॉफ्टवेअर ठरवतं. रंगांची ही पट्टी चुकीची लावली तर भल्याचंगल्या माणसाचा पायही लालबुंद दिसेल. व्हॉट्सॲपवर फिरणारे असले फोटो पाहून कोणी घाबरू नये. एक गोष्ट मात्र कॅमेऱ्याच्या बाजूची: कातडी गोरी असो की सावळी, उष्णता ती सारखीच बाहेर टाकते. सावळ्या पायावरची लाली नजरेतून सुटू शकते, कॅमेऱ्याला रंगाशी देणंघेणं नसतं.

(दृश्य: खाटेवर निजलेल्या काकू, पाय वर. मांडीला पट्टा, पोटरीवर ओलं फडकं.)

लाल ठिपके कशाचे, हे बघायला डॉक्टर एक जुनी युक्ती वापरतात. पाय वर करून शिरा रिकाम्या करायच्या, मांडीला पट्टा आवळायचा, ओल्या फडक्याने पोटरी गार करायची. मग उभं राहून टाचा उचलायला लावायचं. गार कातडीवर जिथे आधी ऊब उमटते, तिथे खोल शिरेतलं रक्त मधल्या जोडशिरेतून वर फुटत असण्याची शक्यता जास्त. ही पद्धत 1970 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली होती, आणि लेखकांमध्ये पाटील आडनावाचे एक डॉक्टर होते. तेव्हाच्या यंत्रांच्या मानाने आजचा कॅमेरा हातात मावतो.

काकू चारदा टाचा उचलतात. दुसऱ्यांदाच घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, एक ठिपका उजळतो. तिथली कातडी आधीच काळवंडलेली, खाजवून जाडसर झालेली. काळजीची जागा हीच. पुढे जखम झाली तर बहुतेक इथेच होते, आणि ती महिनोन्‌महिने भरत नाही.

पण कॅमेरा कातडीपाशीच थांबतो. शीर किती खोल, रक्त कोणत्या दिशेला वाहतंय, झडप नेमकी कुठली गेली, हे त्याला कळत नाही. जाड पायात खोलवरची ऊब वर पोचतच नाही. रक्ताची गुठळी असली तरी पाय गरम, जंतुसंसर्ग झाला तरी गरम. विदर्भात हत्तीरोगही आहे. सुजलेला पाय शिरांमुळे की हत्तीरोगामुळे, हे पायाला हात लावून, विचारपूस करून आणि गरज पडली तर रक्त तपासूनच ठरवावं लागतं. आणि मे महिन्यात, बाहेर 45 अंश असताना, एसी नसलेल्या खोलीत हा कॅमेरा पेटीत ठेवलेलाच बरा.

पक्कं निदान डॉपलर सोनोग्राफीचंच, म्हणजे शिरेतलं रक्त कुठल्या दिशेला वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं. ती सेवाग्रामला किंवा नागपूरला. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे तपासणीला गेलेला दिवस फुकट. कोणाला तेवढ्या लांब धाडायचं आणि कोणाला इथेच सल्ला देऊन घरी पाठवायचं, ही निवड करायला डॉक्टरांच्या हाताला आणि नजरेला कॅमेऱ्याची जोड मिळते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग इतकाच, आणि तो कमी नाही.

डॉक्टर काकूंच्या पावलावरची नाडी चाचपतात. खालपर्यंत रक्त नीट येत असेल तरच दाबाचे मोजे देता येतात.

"काकू, डॉपलर करून घ्या. मग लेझर करायचं, इंजेक्शन द्यायचं की नुसते मोजे पुरतील, ते तिथे ठरेल."

"वेचणी झाल्यावर जाईन. आता नाई जमत."

"चालेल. तोवर रात्री पायाखाली उशी घ्या, आणि दुपारी बांधावर जरा पाय लांब करून बसा. पण शीर फुटून रक्त आलं, तर आडवं व्हायचं, पाय वर करायचा, फडक्यानं दाबून धरायचं आणि दवाखाना गाठायचा. एकच पाय अचानक सुजला, दुखायला लागला, तर त्याच दिवशी निघायचं. वेचणी असली तरी."

"आन् तेल?"

"तेल लावा की. फक्त इथे यायच्या दिवशी नको."