आकड्याचं कूळ आणि मूळ

मंडळी, आधी एक प्रयोग मनातल्या मनात करू. ५० मिलिलिटर इथेनॉल आणि ५० मिलिलिटर पाणी एका मोजपात्रात ओतायचं. किती भरेल? शंभर भरत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. काही सांडलेलं नसतं, उडून गेलेलं नसतं. वजन केलं तर बेरीज तंतोतंत जुळते. दोन्हींचे रेणू एकमेकांना खेटून बसतात आणि जागा कमी लागते, इतकंच.

मिश्रणांच्या गुणधर्मांची माहिती सॉफ्टवेअरमध्ये सांभाळणं हे माझं रोजचं काम. बाहेरून बघणाऱ्याला ते कारकुनी वाटतं, आणि खरं सांगायचं तर निम्मं आहेही. उरलेल्या निम्म्याबद्दल आज बोलायचं आहे.

शुद्ध पदार्थाचं सोपं असतं. घनता, बाष्पदाब, उत्कलनबिंदू वगैरेंचा तक्ता एकदा भरला की झालं. मिश्रणाचा असा तक्ता भरून संपत नाही. प्रमाण जरा बदललं की गुणधर्म बदलला, आणि प्रमाणांना अंत नाही. म्हणून सिम्युलेशनच्या, म्हणजे कारखान्यातली प्रक्रिया गणिताने चालवून बघणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये मिश्रणाचे गुणधर्म फारसे साठवलेले नसतातच. साठवलेले असतात ते दोन घटक एकमेकांशी कसे वागतात हे सांगणारे दोन-तीन आकडे, आणि बाकी सगळं सूत्रावर सोपवलेलं असतं.

आपली इथेनॉल-पाण्याची जोडीच पुढे घेऊ. वातावरणाच्या दाबाला इथेनॉल ७८.३ अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी १०० ला. मिश्रण या दोघांच्या मधे कुठेतरी उकळेल असं वाटतं. पण ९५.६ टक्के इथेनॉल असलेलं मिश्रण ७८.२ ला, म्हणजे दोघांच्याही खाली उकळतं, आणि वर जाणाऱ्या वाफेतही इथेनॉलचं प्रमाण तेवढंच असतं. याला अ‍ॅझिओट्रोप म्हणतात. साधं ऊर्ध्वपातन इथे येऊन थांबतं. ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात कितीही प्लेटा, म्हणजे वाफ आणि द्रव भेटण्याचे मजले, वाढवा, गाडी पुढे सरकत नाही.

आणि हे ९५.६ वजनाने बरं का. मोलने, म्हणजे रेणूंच्या संख्येने, सांगायचं तर ८९.४, आणि आकारमानाने साधारण ९७. एकच द्रव, तीन आकडे, तिन्ही बरोबर. डेटाबेसच्या रकान्यात नुसतं ‘९५’ लिहिलेलं मला दिसलं की मी ती ओळ रिकामी समजतो.

आता ते दोन-तीन आकडे जवळून पाहू, कारण खरी भानगड तिथेच आहे. या कामासाठी सूत्रं बरीच आहेत. विल्सनचं १९६४ चं, रेनॉन आणि प्राउस्निट्झ यांचं एनआरटीएल १९६८ चं, युनिक्वॅक १९७५ चं. एनआरटीएलमध्ये प्रत्येक जोडीचे तीन पॅरामीटर असतात. पहिल्या घटकाकडून दुसऱ्याकडे एक, दुसऱ्याकडून पहिल्याकडे एक, आणि तिसरा अल्फा, जो बहुतेक वेळा ०.३ च्या आसपास ठेवतात. पहिले दोन सारखे नसतात, त्यामुळे क्रम महत्त्वाचा. कोणी घटकांची यादी वर्णक्रमाने लावली, आकडे मात्र जुन्याच क्रमाने राहिले, तर दोघांची वागणूक उलटीपालटी होते. सॉफ्टवेअर काही बोलत नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडे वैधच असतात.

एककांचं तर याहून वाईट. जर्मनीतल्या डेकेमा संस्थेचे बाष्प-द्रव समतोलाचे (द्रव आणि त्यावरची वाफ यांत घटक कसे वाटले जातात त्याचे) जाडजूड खंड १९७७ पासून निघाले. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय त्यांनी ते हाताळलेले असतात. त्यांतले ऊर्जेचे पॅरामीटर कॅलरी प्रति मोलमध्ये आहेत. आजचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा जूल धरतं. समजा पॅरामीटर आहे ६०० आणि तापमान ३५० केल्विन. सूत्रात जाताना तो वायू-स्थिरांक आणि तापमान यांच्या गुणाकाराने भागला जातो. कॅलरीतला स्थिरांक १.९८७, म्हणजे उत्तर ०.८६. तेच ६०० जूल समजून ८.३१४ ने भागलं तर ०.२१. चौपटीहून जास्त फरक, आणि दोन्ही उत्तरं अगदी सभ्य दिसणारी. पडद्यावर लाल खूण येत नाही, गणित फसत नाही, उलट ते जास्तच झटपट जुळतं, कारण मिश्रण आदर्श मिश्रणाच्या, म्हणजे जिथे घटक एकमेकांची खास दखल घेत नाहीत अशा मिश्रणाच्या, जवळ सरकलेलं असतं.

इथेनॉल-पाण्याच्या बाबतीत ही चूक केली तर अ‍ॅझिओट्रोप नाहीसा होतो. सॉफ्टवेअर आनंदाने सांगतं की साध्या स्तंभातून ९९.९ टक्के इथेनॉल मिळेल. या जोडीवर कोणीही हसेल, कारण उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण जोडी अनोळखी असेल तर?

माझ्याच हातून झालंय. दोन द्रावकांची जोडी होती, नावं सोडून द्या. स्तंभ इतका सुंदर चालला की मी अहवालाला सुरुवातसुद्धा केली. आमच्या विभागातल्या एक ज्येष्ठ बाई मागून जाता जाता पडद्याकडे बघून म्हणाल्या, “एवढं सोपं असतं तर लोकांनी आजवर काय झक मारली?” आणि पुढे निघून गेल्या. मी चिडलो. दोन दिवसांनी कॅलरी सापडली.

आपल्याकडे म्हणतात, ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये. आकड्याचं मात्र दोन्ही शोधावं. तेव्हापासून माझ्या डेटाबेसमध्ये पॅरामीटर एकटा राहत नाही. त्याच्यासोबत एकक, सूत्राचं नेमकं रूप, तापमानाची आणि दाबाची मर्यादा, कोणत्या मोजमापांवरून काढला, कोणी आणि कधी भरला, हे सगळं असतं. सूत्राचं रूप म्हणजे काय, तर एका सॉफ्टवेअरमध्ये विल्सनच्या सूत्रातलं उणे चिन्ह सूत्राच्या आत असतं, दुसऱ्यात ते आकड्याला चिकटवावं लागतं. तोच आकडा, तेच सूत्राचं नाव, आणि चिन्ह उलटं.

शुद्ध घटकांतही ही गोम असतेच, फक्त लवकर उघडी पडते. तापमानावरून बाष्पदाब काढायच्या अँटॉइनच्या सूत्रात पाण्याचे स्थिरांक ८.०७१३१, १७३०.६३ आणि २३३.४२६. तापमान सेल्सिअसमध्ये, दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये, लॉगॅरिदम दहाच्या पायाचा. १०० अंश घातले की ७६० येतात, मन निवतं. लॉगॅरिदम नैसर्गिक समजलात तर १८ सुद्धा येत नाहीत. पाणी म्हणून ध्यानात येतं.

घटकाच्या ओळखीचं थोडक्यात सांगतो, कारण ते बऱ्यापैकी सुटलेलं आहे. नावांवर विसंबू नका, कॅस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाला दिलेला नोंदणी क्रमांक, वापरा. इथेनॉलचा ६४-१७-५. यातला शेवटचा ५ हा तपासणीचा अंक आहे. उरलेले अंक उजवीकडून १, २, ३, ४ ने गुणा: ७, २, १२, २४. बेरीज ४५, शेवटचा अंक ५. टायपिंगची चूक बहुतेक वेळा तिथल्या तिथे पकडली जाते. पण झायलीन म्हटलं की पुन्हा घोळ. या द्रावकाची तीन रूपं, ऑर्थो, मेटा, पॅरा, यांचे क्रमांक वेगळे, आणि तिघांच्या मिश्रणाला चौथा, १३३०-२०-७. ऑर्थो १४४ अंशांना उकळतं, पॅरा १३८ ला. मिश्रणाचा क्रमांक शुद्ध घटकाच्या जागी बसवलेल्या फाइली मी कितीतरी पाहिल्या आहेत, आणि तिथे तपासणीचा अंक काहीच मदत करत नाही. तो बरोबरच असतो.

आता रिकाम्या जागांबद्दल. बारा घटकांचं मिश्रण असेल तर जोड्या होतात ६६. वीस घटकांच्या १९०. प्रत्येक जोडीवर कोणीतरी प्रयोगशाळेत बसून मोजमापं केलेली असतील, ही आशा ठेवू नका. मग न मिळालेल्या जोड्यांचं काय? बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये तिथे शून्य पडतं. शून्य म्हणजे हे दोन घटक एकमेकांशी आदर्श वागतात, असं ठाम विधान. आम्हाला तर म्हणायचं होतं की माहीत नाही. रिकामं आणि शून्य या दोन गोष्टी डेटाबेसमध्ये वेगळ्या दिसल्याच पाहिजेत. मी रिकाम्या जोड्यांना भडक पिवळा रंग दिलाय. सहकाऱ्यांना तो खुपतो. खुपू दे.

रिकाम्या जागा अंदाजाने भरता येतात, त्यासाठी १९७५ चं युनिफॅक आहे. रेणूचे तुकडे पाडायचे आणि तुकड्यांच्या वागण्यावरून जोडीचं वागणं काढायचं. फार कामाची पद्धत. पण तिन्ही झायलीनचे तुकडे सारखेच पडतात, म्हणून तिन्हींना ती एकाच मापाने मोजते. अंदाज वापरा, हरकत नाही, पण त्याला मोजमापाच्या पंक्तीत बसवू नका.

मोजमापांतही प्रतवारी आहे, आणि माझ्या मते इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. बाष्प-द्रव समतोलात चार गोष्टी असतात: तापमान, दाब, द्रवातलं प्रमाण आणि वाफेतलं प्रमाण. गिब्ज-ड्यूहेमच्या समीकरणामुळे तिघांवरून चौथी काढता येते. म्हणजे चारही मोजल्या असतील तर एक साक्षीदार जास्तीचा मिळतो, आणि त्याची साक्ष बाकीच्यांशी ताडून बघता येते. हेरिंग्टनने १९४७ मध्ये सुचवलेली क्षेत्रफळाची चाचणी या तत्त्वावरच उभी आहे. गंमत अशी की कित्येक प्रयोगांत वाफेचं प्रमाण मोजलेलंच नसतं. ते अवघड जातं, म्हणून गणिताने काढतात आणि तक्त्यात मोजलेल्या आकड्यांच्या शेजारी छापतात. असा तक्ता चाचणीला लावला की तो झकास उत्तीर्ण होतो. का नाही होणार? साक्ष ज्याने लिहिली, तोच ती तपासतोय. माझ्या डेटाबेसमध्ये वाफेच्या प्रमाणाशेजारी ‘मोजलेलं’ की ‘काढलेलं’ असा एक बारीक रकाना आहे. मूळ शोधनिबंध उघडल्याशिवाय तो भरता येत नाही, म्हणून बहुतेक जण तो भरत नाहीत.

मर्यादेबाहेर वापर, हा आणखी एक रोजचा रोग. ब्यूटॅनॉल आणि पाणी पूर्ण मिसळत नाहीत, दोन थर होतात. उकळत्या तापमानाच्या मोजमापांवरून काढलेले पॅरामीटर घेऊन खोलीच्या तापमानाला थर किती आणि कसे पडतील हे विचारलं, तर उत्तर मिळतं, पण त्यावर डिकँटरचं, म्हणजे थर वेगळे करणाऱ्या टाकीचं, डिझाइन करू नका. आणि विल्सनचं सूत्र निवडलं असेल तर थर पडतच नाहीत. त्या सूत्राच्या घडणीतच दोन द्रव थर बसत नाहीत. तो पॅरामीटरचा दोष नाही, कितीही घासून पुसून घ्या.

डेटा एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने थर्मोएमएल नावाची प्रमाण रचना मान्य केलेली आहे. तिच्यात प्रत्येक मोजमापासोबत त्याची अनिश्चितताही नोंदवता येते, हे मला फार आवडतं. प्रत्यक्षात अजूनही अर्धी दुनिया एक्सेलमधून कॉपी-पेस्ट करते. मीही करतो, मग उगाच आव कशाला आणा. फक्त पेस्ट झाल्यावर प्रत्येक जोडीचा एक मोजलेला बिंदू नव्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढून बघतो. कॅलरी, चिन्ह, क्रम, तिन्ही चुका त्या एका बिंदूत बहुधा सापडतात.

मघाशी चहाच्या वेळी कोणीतरी विचारलं की चांगला पॅरामीटर मिळाल्यावर जुना पुसून टाकायचा का. आमच्याकडे एका जोडीचा जुना संच आहे. नव्या मोजमापांनी तो तीन ठिकाणी चुकीचा ठरला. नवा संच भरला, त्याला पुढचा आवृत्ती क्रमांक दिला, जुन्यावर ‘वापरू नये’ असा शिक्का मारला. पण जुना पुसला नाही. त्याच चुकीच्या संचावर बेतलेला एक स्तंभ अजून चालू आहे, आणि तो मूळ कागदावर जसा होता तसा पुन्हा मांडून बघायची वेळ वर्षातून एक-दोनदा येतेच.