सातव्या तारेचा पिकअप

(दृश्य: उद्यमनगर, कोल्हापूर. संध्याकाळ. एकेक लेथ बंद होतोय. वरच्या मजल्यावरून गिटारचा एक जाड सूर.)

उद्यमनगरात साडेसहाला लेथ थांबले की आमची प्रॅक्टिस सुरू होते. खाली मामांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, वर आमची खोली. हातात सात तारांची गिटार. साध्या गिटारची सगळ्यात जाड तार ई, 82 हर्ट्झची. सातवी तिच्या खालची बी, 62 च्या आसपास. आम्ही तीही एक स्वर उतरवून ए वर आणतो, 55 हर्ट्झवर. घरातली वीज 50 हर्ट्झची. तिच्या अगदी शेजारी.

सात तारांची गिटार ही काही हेवी मेटल वाजवणाऱ्यांनी शोधलेली गोष्ट नव्हे. 1930 च्या दशकात जॉर्ज व्हॅन एप्स या अमेरिकन जॅझ वादकानं ती बनवून घेतली, आणि त्याचीही सातवी तार ए लाच लावलेली असायची. 1990 साली गिटारवादक स्टीव्ह वायसाठी आयबानेझ कंपनीनं युनिव्हर्स ही गिटार काढली आणि सात तारा दुकानात आल्या. पुढं स्वीडनच्या मेशुगा या मेटल बँडनं आठवी तार घेतली, ती तर 44 हर्ट्झच्या घरात जाते.

आता माझी चूक सांगतो, कारण ती बहुतेक जण करतात. खालचं ट्यूनिंग म्हणजे दणका हवा, दणक्याला ताकदवान पिकअप (तारांखालची, त्यांच्या कंपनाची वीज करणारी कॉइल) हवा, असा माझा हिशेब. ताकद कशावर ओळखायची? ओहमच्या आकड्यावर, म्हणजे कॉइलच्या रोधावर. सगळ्यात मोठा आकडा बघून पिकअप मागवला. दोन महिन्यांची बचत गेली. बसवला, डिस्टॉर्शन (आवाज फाडून खरखरीत करणारा इफेक्ट) चालू केलं, सातवी तार छेडली आणि स्पीकरमधून चिखल बाहेर आला. रिफमधले (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यातले) चार स्वर वेगळे ऐकूच येईनात.

(दृश्य: वाइंडिंगचं टेबल. मल्टिमीटर. कपाळावर सरकवलेला चष्मा.)

पिकअप काढून मामांपुढं ठेवला. मामांनी चष्मा खाली ओढला, मल्टिमीटरची टोकं लावली. साडेसोळा किलोओहम. मग जुना लावला. साडेआठ. मी म्हटलं, बघा, दुप्पट आहे.

मामा म्हणाले, "ओहम बघून मोटरची ताकद सांगतोस व्हय? तार बारीक घेतली की ओहम वाढणारच. टर्न किती, गेज किती, ते सांग की."

मोटरची कॉइल आणि पिकअपची कॉइल, जात एकच. लोहचुंबकाभोवती तांब्याची इनॅमल तार गुंडाळलेली. वर गिटारची स्टीलची तार हलली की कॉइलमध्ये वीज उमटते. फरक गेजचा. मामांच्या बोटांना सवय जाड तारेची. पिकअपमध्ये बहुतेक वेळा 42 गेजची असते, जाडी 0.063 मिलिमीटर. मामांनी तसल्या तारेचं एक तुटकं टोक चिमट्यात धरून ट्यूबलाइटकडं केलं. दिसेना. मान थोडी कलती केली तेव्हा तांबूस चमकलं.

वेढे वाढवले की आउटपुट वाढतं, हे खरंच. पण सोबत इंडक्टन्सही (बदलत्या विजेला कॉइलचा अडथळा) वाढतो आणि वरच्या फ्रिक्वेन्सी दबतात. आवाज मोठा होतो, पण तोंडात घास धरून बोलल्यासारखा.

(दृश्य: तंबोरा. खर्जाच्या तारेखाली दोरा सरकवणारं बोट.)

याचं उत्तर मला सापडलं ते तंबोऱ्यात. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब गायले, तिथं तंबोरा जुळवताना बघायला मिळणं अवघड नाही. मिरजेचे तंतुवाद्य कारागीर तर 50 किलोमीटरवर. खर्जाची तार नुसती छेडली तर ठोकळ्यासारखी वाजते. तार आणि घोडी यांच्यामधला दोरा नखाएवढा सरकवला की तीच तार खुलते. जवारी लागली म्हणतात. खर्ज वाढलेला नसतो, त्याच्या वरचे स्वर जागे झालेले असतात. सी. व्ही. रामन यांनाही या घोडीचं कुतूहल होतं. 1921 साली त्यांनी त्यावर लिहिलं.

आमच्या 55 हर्ट्झचंही तसंच आहे. गिटारच्या 12 इंची स्पीकरमधून 70 च्या खालचं फारसं येतच नाही. कान तो सूर ओळखतो 110, 165, 220 वरून. म्हणून पिकअपकडं खर्ज मागू नये. जाड तारेत तो आहेच, नको इतका आहे, आणि डिस्टॉर्शनमध्ये तोच सगळं गिळतो. मागायचं ते वरचं.

त्या मापानं बघितलं तर निवड सोपी होते. ब्रिजला, म्हणजे घोडीपाशी, मध्यम वेढ्यांचा, सिरॅमिक चुंबकाचा हंबकर (दोन कॉइलचा पिकअप): आवाज घट्ट, हात ठेवून मारलेला स्वर टक्कन तुटतो. ज्याला थोडा मोकळा आवाज हवा त्यानं अल्निको 5 या मिश्रधातूच्या चुंबकाचा बघावा. सीमोर डंकन कंपनीचा नाझगुल सिरॅमिकचा, पेगासस अल्निको 5 चा. ईएमजी 707 सारखा अ‍ॅक्टिव्ह पिकअप वेढे कमी ठेवतो आणि आतल्या छोट्या सर्किटनं सिग्नल वाढवतो. गुणगुण फार कमी. पण त्याला 9 व्होल्टची बॅटरी लागते, तिला गिटारमध्ये जागा लागते, आणि 500 के (किलोओहम) चे पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणाखालचे रोधक, काढून 25 के चे टाकावे लागतात. हे आधी विचारून घ्या. पिकअपचं मापही. सात तारांचा आठ तारांना चालत नाही.

(दृश्य: स्क्रू ड्रायव्हर. अर्धा फेरा. सूर. पुन्हा अर्धा फेरा.)

आणि पैसे घालण्याआधी हे करा. सातवी तार शेवटच्या पट्टीवर (फ्रेटवर) दाबून धरा आणि पिकअपपासूनचं अंतर बघा. माझं दीड मिलिमीटर होतं. चुंबक तारेला ओढत होता, सूर डुलत होता, आणि मी दोष ट्यूनिंगला देत होतो. जाड तारेच्या बाजूचा स्क्रू अर्धा अर्धा फेरा फिरवत तीनपर्यंत खाली नेला. बारीक तारांची बाजू तशीच ठेवली. चिखल निम्मा तिथंच गेला. उरलेला नव्या पिकअपनं: साडेबारा किलोओहम, सिरॅमिक.

परवा रात्री तोच रिफ वाजवत होतो. जिन्यावरून मामांचा आवाज आला, "चार आहेत काय रं स्वर? मला आजवर एकच वाटायचा."

नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेकडचा, पिकअप अजून जुनाच आहे. तिथं अल्निको 5 घालायचा आहे, गणपतीनंतर.