मुक्कामाची गाडी विजेवर कधी येणार?

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय ते एसटीच्या मुक्कामाच्या गाडीबद्दल, म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबणाऱ्या गाडीबद्दल. पण सुरुवात रेल्वेपासून करतो.

३ फेब्रुवारी १९२५ या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवरून कुर्ल्याला एक गाडी निघाली. गव्हर्नर सर लेस्ली विल्सन उद्घाटनाला हजर होते. गाडीला ना धूर होता, ना डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी. देशातली विजेवर धावलेली ही पहिली रेल्वेगाडी. पुढच्या पाचेक वर्षांत विजेची तार बोरघाट चढून पुण्याला आणि थळघाट चढून इगतपुरीला पोचली. घाटात मालगाड्या ओढणाऱ्या त्या लांबोडक्या इंजिनांना रेल्वेतली माणसं ‘खेकडा’ म्हणायची. दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली, तीसुद्धा विजेच्याच इंजिनावर.

आज पर्यावरणपूरक वाहतुकीचं धोरण म्हटलं की हे सगळं दहा-पंधरा वर्षांतलं, परदेशातून आलेलं खूळ आहे असं अनेकांना वाटतं. म्हणून शंभर वर्षं मागे गेलो. तेव्हा हवामानबदलाची चिंता कुणालाच नव्हती. चिंता होती ती खर्चाची आणि वेळापत्रकाची. दगडी कोळसा यायचा लांबून, पार बंगाल-बिहारकडून. वाफेचं इंजिन घाट चढताना दमायचं आणि उपनगरात दर मैल-दोन मैलांवर थांबून पुन्हा वेग घ्यायला फार वेळ लावायचं. मुंबईची गर्दी तर वाढतच होती. विजेची गाडी चटकन वेग घेते, म्हणजे तेवढ्याच रुळांवर जास्त फेऱ्या बसतात. वीज आली ती या हिशेबानं.

आणि ती आली कुठून? लोणावळ्याच्या तलावांचं पाणी खाली सोडून खोपोलीला टाटांनी १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली होती. ती मुख्यतः गिरण्यांसाठी. मग १९२२ ला भिवपुरी, १९२७ ला भिरा. पण रेल्वेनं ठाकुर्लीला स्वतःचंही वीजकेंद्र उभारलं, आणि ते चालायचं कोळशावर! म्हणजे ‘गाडी विजेवर, पण वीज कोळशावर, मग फायदा काय?’ हा जो प्रश्न आज प्रत्येक चर्चेत कुणीतरी विजयी मुद्रेनं विचारतं, तो प्रश्न निदान शंभर वर्षांचा आहे.

त्याचं उत्तरही त्याच इतिहासात आहे. ठाकुर्लीचं ते केंद्र बंद होऊन कित्येक वर्षं झाली. दीड हजार व्होल्टची जुनी डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेची यंत्रणा जाऊन २०१६ पर्यंत मुंबईच्या सगळ्या उपनगरी मार्गांवर पंचवीस हजार व्होल्टची एसी, म्हणजे दिशा बदलत वाहणाऱ्या विजेची यंत्रणा आली. आताच्या लोकल तर ब्रेक लावताना काही वीज परत तारेत सोडतात. वीज बनवण्याची जागा बदलली, पद्धत बदलली, पण डब्यात उभ्या असलेल्या प्रवाशाला त्यासाठी काही करावं लागलं नाही. डिझेलच्या गाडीचं तसं नाही. ती विकत घेतली की तिचं आयुष्य संपेपर्यंत तुम्ही डिझेलला बांधलेले. आपल्या देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. आखातात ठिणगी पडली की सांगोल्याच्या भाजी मंडईत दर हलतात, ते याच बांधिलकीमुळे.

आपली वीज आजही दोन तृतीयांशांहून जास्त कोळशाचीच आहे, हे खरं. चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या लोकांना ते सांगायला नको. राख त्यांच्या अंगणात पडते. पण डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून जास्त ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते, विजेच्या मोटरमध्ये वाया जाते ती फार थोडी. शिवाय सौर आणि पवन वीज वाढेल तशी तीच जुनी ई-बस आपोआप स्वच्छ होत जाते.

एक गोष्ट मात्र या गौरवगाथेत वगळून चालणार नाही. भिऱ्याला वीज देणारं पाणी मुळशीच्या धरणातलं. त्या धरणाखाली मावळातली गावं आणि भातखाचरं गेली. शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, सेनापती बापट त्याचे पुढारी, तुरुंगवास झाला, आणि शेवटी धरण झालंच. मुंबई धुराविना धावली त्याची किंमत मुळशीनं मोजली. त्यामुळे कुठल्याही हरित धोरणाला मी आधी एकच विचारतो: पैसे कोण देतो, जमीन कोण देतो, आणि गाडीत कोण बसतो?

त्या कसोटीवर आजचं धोरण पाहू. रेल्वेचं काम बहुतांश झालंय. कोकण रेल्वेचा मार्गही २०२२ मध्ये पूर्ण विद्युतीकरण झालेला म्हणून जाहीर झाला. उरला रस्ता. राज्यानं २०२५ मध्ये नवं विद्युत वाहन धोरण आणलं. त्यानुसार त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर विजेवरच्या मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. बसला माफी, उत्तम. पण वीस-पंचवीस लाखांची मोटार घेणाऱ्याला टोलमाफी देऊन आपण नेमकं काय मिळवलं? तो माणूस आधीही स्वतःच्या मोटारीनंच जात होता. रस्त्यावर त्याची मोटार तेवढीच जागा अडवते. माझ्या मते हा पैसा चुकीच्या खिशात गेला. काहींना हे कडवट वाटेल, वाटू द्या.

इथेनॉलबद्दल एकच वाक्य. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळून आयात थोडी कमी होते, पण उसासाठी मराठवाड्यातलं भूजल उपसून ते करायचं असेल तर आपण तेलाची उधारी पाण्याच्या खात्यावर टाकतोय.

मग पैसा कुठे जायला हवा? मुंबईच्या बेस्टनं २०१९ च्या जुलैत साध्या बसचं किमान भाडं पाच रुपयांवर आणलं, तेव्हा प्रवासी झपाट्यानं वाढले. लोकांना बस नकोशी झालेली नाही, हे त्यातून कळलं. पण स्वस्त भाड्याला रोज पैसा लागतो, आणि तो कुणी द्यायचा हे ठरलं नव्हतं. मे २०२५ मध्ये तेच भाडं दहा रुपये झालं. मधल्या काळात बेस्टच्या स्वतःच्या बस कमी होत गेल्या, भाडेतत्त्वावरच्या आल्या, आणि थांब्यावर ताटकळणं वाढलं. बस वीस मिनिटांनी येणार असेल तर ती विजेवर आहे की डिझेलवर, यानं त्या माणसाला काय फरक पडतो? तो दुचाकी घेतो. दुचाकी घेतलेला माणूस बसकडे परत आणणं फार अवघड.

आता एसटीकडे वळतो, कारण खरा पेच तिथे आहे आणि त्याबद्दल बोललं जातं फार कमी.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच मार्गावर ‘शिवाई’ ही एसटीची विजेवरची बस सुरू झाली. योग छान साधला. एसटीची साधी गाडी लिटरला साडेचार-पाच किलोमीटर जाते. डिझेल नव्वदच्या आसपास धरा. किलोमीटरला अठरा ते वीस रुपये नुसते इंधनाचे. मोठ्या वातानुकूलित ई-बसला किलोमीटरला साधारण एक ते सव्वा युनिट लागतं. युनिटचा दर आठ-दहा रुपये धरला तरी इंधनखर्च निम्म्याच्या आसपास येतो. हिशेब इतका सोपा असेल तर अडलंय कुठे?

अडलंय आगारात. डिझेलच्या बससाठी आगारात लागतो एक पंप आणि जमिनीखाली एक टाकी. पन्नास ई-बससाठी लागते उच्चदाब जोडणी, रोहित्रं म्हणजे ट्रान्सफॉर्मर, कधी कधी वेगळं उपकेंद्र. आगाराचा मंजूर भार असतो तो कार्यालयाचे दिवे, पंखे आणि कार्यशाळेपुरता. तो एकदम कित्येक पटींनी वाढवायचा तर महावितरणला मागून केबल ओढून आणावी लागते, त्यासाठी रस्ता खोदावा लागतो, त्यासाठी नगरपालिकेची परवानगी. बस कारखान्यातून तयार होऊन येते आणि चार्जिंगअभावी उभी राहते, असं होतं ते म्हणून. १९२५ ला रेल्वेनं गाडी, तार आणि वीजकेंद्र यांचा विचार एका टेबलावर केला होता. आपण बस एका खात्याकडे, वीज दुसऱ्याकडे आणि रस्ता तिसऱ्याकडे ठेवलाय.

दुसरं, माणसं. दापोडी, चिकलठाणा आणि नागपूरच्या हिंगणा इथे एसटीच्या स्वतःच्या कार्यशाळा आहेत. तिथल्या कामगारांनी सांगाड्यावर बॉडी बांधून लाल गाड्या रस्त्यावर आणल्या. भाडेतत्त्वावरची ई-बस तयारच येते. चालक कंत्राटदाराचा, देखभाल कंत्राटदाराची. एसटीचा राहतो फक्त वाहक. २०२१-२२ मध्ये ‘आम्हाला सरकारी सेवेत घ्या’ म्हणून एसटीचा संप पाच-सहा महिने चालला, तो काय उगाच? बॅटरीचे मोड्यूल बदलणं, मोटरची दुरुस्ती, चार्जरची देखभाल हे काम दापोडीच्या माणसाला शिकवता येत नाही असं कुणीही तंत्रज्ञ म्हणणार नाही. ते कंत्राटात लिहायला हवं, एवढंच. नाहीतर पुन्हा मुळशी: फायदा एकाचा, किंमत दुसऱ्याची.

शहाणी व्यवस्था कशी असते त्याचं एक उदाहरण देतो. बसला गर्दी असते सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी निम्म्या गाड्या आगारात उभ्या. सौर विजेचा जोर नेमका त्याच दुपारी असतो, आणि त्या तासांत उद्योगांना वीज सवलतीच्या दरात देण्याची पद्धत राज्यात आलेली आहे. म्हणजे दुपारी बस भरा, संध्याकाळी धावू द्या. यासाठी कुठलंही अजब ॲप नको. आगार व्यवस्थापकाच्या हातात फेऱ्यांचं वेळापत्रक आणि विजेचे तासनिहाय दर एकत्र असले म्हणजे झालं. पुण्यात पीएमपीएमएल या शहर बससेवेनं २०१९ मध्ये ई-बस आणल्या तेव्हा भेकराईनगर आणि निगडी ही आगारं त्यांच्यासाठी ठरवली. अशा आगारांमधला अनुभव गोळा करून बीडच्या, गडचिरोलीच्या आगाराला सांगायचं काम कुणाचं, हे मात्र धोरणात सापडत नाही.

आणि आता ज्या गाडीसाठी हे सगळं बोललो ती गाडी. मुक्कामाची गाडी.

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. तालुक्याहून संध्याकाळी सुटलेली एसटी रात्री शेवटच्या गावात पोचते आणि तिथेच थांबते. चालक-वाहक गाडीत, देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात झोपतात. पहाटे हीच गाडी कॉलेजची पोरं, दूधवाले, दवाखान्यात जाणारे म्हातारे यांना घेऊन तालुक्याला निघते. गावाला दिवसभरात हीच एक भरवशाची सोय. महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, पंचाहत्तरीपुढच्यांना त्याआधीच मोफत. त्या सवलतीचा अर्थ कळतो तो याच गाडीत बसल्यावर.

ही गाडी विजेवर कशी आणणार? ई-बसचं सगळं नियोजन आहे रात्री आगारात परतणाऱ्या गाडीचं. मुक्कामाची गाडी परतत नाही. म्हणून कागदावर उत्तर सोपं निघतं: तिथे डिझेलच राहू द्या. मग होणार असं की नव्या, गार, आवाज न करणाऱ्या गाड्या पुणे-नाशिक, पुणे-कोल्हापूरला, आणि जुन्या, खिळखिळ्या डिझेलच्या गाड्या शेवटच्या गावाला. काही वर्षांनी त्याही मोडीत निघतील, आणि ‘फेरी परवडत नाही’ असा शेरा पडून मुक्काम बंद.

पण जरा गणित करून पाहा. गाडी गावात थांबते साधारण नऊ तास, रात्री नऊ ते सकाळी सहा. मोठ्या, वेगवान चार्जरची गरजच नाही, कारण घाई नाही. पंधरा किलोवॅटचा लहान चार्जर नऊ तासांत १३५ युनिट वीज भरेल. किलोमीटरला सव्वा युनिट धरलं तर शंभराहून जास्त किलोमीटर. तालुक्याला जाऊन यायला बहुतेक गावांना एवढं पुरतं. आणि पंधरा किलोवॅट म्हणजे किती? दहा अश्वशक्तीच्या पिठाच्या दोन गिरण्या. एवढा भार गावठाणाच्या रोहित्रावर आजही चालतो, तोही दिवसा. रात्री गिरणी बंदच असते. वीज रात्रभर टिकेल का, हा रास्त प्रश्न आहे, आणि सगळीकडे टिकणार नाही. म्हणून आधी जिथे गावठाणाचा पुरवठा चांगला आहे अशी गावं निवडावीत.

डोंगरी भागात, सुरगाण्यात, अक्कलकुव्यात, भामरागडला हे आणखी काही वर्षं जमणार नाही. तिथे डिझेलची चांगली, नवी गाडी द्यावी आणि त्याबद्दल कुणी नाक मुरडू नये. तेलावरचं अवलंबित्व कमी करायचं ते द्रुतगती मार्गापासून, भामरागडच्या फेरीपासून नव्हे.

तुमच्या गावात मुक्कामाची गाडी येत असेल तर एक करा. ती रात्री किती वाजता येते, सकाळी किती वाजता सुटते, दिवसात किती किलोमीटर धावते, आणि ती जिथे उभी राहते तिथून रोहित्र किती लांब आहे, एवढं एका कागदावर लिहून आगार व्यवस्थापकांना द्या आणि एक प्रत ग्रामसभेत ठेवा. एसटीची पुढची निविदा निघेल तेव्हा ‘मुक्कामी फेऱ्यांसाठी लहान चार्जर’ असं एक कलम त्यात घालायचं असेल, तर आधी असे कागद गोळा व्हायला हवेत.

नमस्कार.