लुबान अरबी समुद्र ओलांडते

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते अरबी समुद्रातल्या हम्पबॅक देवमाशाबद्दल.

देवमासा हा मासा नाही, पिल्लाला दूध पाजणारा सस्तन प्राणी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. हम्पबॅकची लांबी १४-१५ मीटर, वजन ३० टनांच्या आसपास. तोंडात दात नाहीत. वरच्या जबड्यातून पट्ट्यांची झालर लोंबते, आपली नखं ज्या द्रव्याची तेच द्रव्य. तोंडभर पाणी घ्यायचं, झालरीतून बाहेर ढकलायचं, की तारली नि जवळ्यासारखे बारके जीव आत अडकतात.

जगातले बाकीचे हम्पबॅक उन्हाळ्यात खायला ध्रुवांकडे जातात आणि थंडीत विणीसाठी उष्ण पाण्यात येतात. आपल्या समुद्रातले जात नाहीत. पुन्हा सांगते, आपले जात नाहीत. इथेच खातात, इथेच वितात. आपल्याकडे पाऊस आणणारे नैऋत्य वारे ओमानच्या किनाऱ्यावरचं पाणी लोटून देतात, तळाचं गार, सकस पाणी वर येतं आणि मासळी पिकते. मग ध्रुवापर्यंत जायचं कशाला?

आता लुबानची गोष्ट. ही सांगायची म्हणूनच मी आज आले आहे.

लुबान ही मादी. हम्पबॅकच्या शेपटीची खालची बाजू प्रत्येकाची वेगळी असते आणि शास्त्रज्ञ त्यावरूनच त्यांना ओळखतात. हिच्या शेपटीवर धुपाच्या झाडासारखी नक्षी, आणि अरबीत लुबान म्हणजे धूप, म्हणून ओमानमध्ये तिला हे नाव मिळालं. २०१७च्या अखेरीस मसिराच्या आखातात संशोधकांनी छोट्या होडीतून तिला गाठलं आणि पाठीवर एक ट्रान्समीटर बसवला. खाऱ्या पाण्यातून रेडिओचा संदेश जात नाही. त्यामुळे ती श्वास घ्यायला वर आली, तरच उपग्रहाला तिचा ठावठिकाणा कळणार. ती वर आली की नकाशावर एक ठिपका.

सुरुवातीचे ठिपके ओमानच्या किनाऱ्यालगतच पडत होते. तिथले हम्पबॅक तिथेच राहतात, असाच सगळ्यांचा अनुभव. आणि एके दिवशी ठिपके पूर्वेकडे सरकायला लागले. भर समुद्रात. रोज आणखी पूर्वेला. सुमारे दीड हजार किलोमीटरचं खोल पाणी कापून लुबान डिसेंबरात गोव्याच्या बाजूला आली! मग दक्षिणेकडे वळली आणि कर्नाटक, केरळ करत भारताच्या टोकापर्यंत गेली. ओमानचा हम्पबॅक भारताकडे येताना उपग्रहाने टिपण्याची ही पहिलीच वेळ.

नाताळच्या त्या दिवसांत गोव्याचे किनारे माणसांनी फुललेले असतात. त्याच समुद्रात ही होती. आपल्या शाळांतल्या नकाशात समुद्र म्हणजे नुसता निळा रंग. माझं ठाम मत आहे, की कोकणातल्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर समुद्राचा तपशीलवार नकाशा हवा. कुठे किती खोल, कुठे कुठली मासळी. घाटातली वळणं पाठ असलेल्या मुलांना दारातला समुद्र अनोळखी असावा, हे मला पटत नाही.

ओमानजवळ या देवमाशांची मोजदाद झाली तेव्हा अंदाज निघाला ८२चा. ८२, श्रोतेहो. १९६५-६६मध्ये सोव्हिएत ताफ्यांनी याच समुद्रात २४२ हम्पबॅक मारले होते. चोरून. युरी मिखालेव या शास्त्रज्ञाने १९९७मध्ये त्या नोंदी उजेडात आणल्या. त्यांत मारलेल्या माद्यांच्या पोटातल्या गर्भांची मापंसुद्धा होती. हे देवमासे इथेच वितात, याचा पुरावा त्या मापांतून मिळाला. त्या नोंदी वाचताना मला फार वाईट वाटतं.

आज धोका आहे तो जाळ्यांचा आणि जहाजांचा. संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला भरपाई मिळते. ही चांगली योजना आहे आणि ती प्रत्येक बंदरात माहीत असायला हवी.

समुद्रावर जाणाऱ्या माझ्या भावांनो, देवमासा दिसला तर इंजिन मंद करा, अंतर राखा. बुडी मारताना तो शेपटी उचलतो, तेव्हा शेपटीच्या खालच्या बाजूचा फोटो घ्या. खालच्या बाजूचा, हे विसरू नका. तारीख आणि जागा लिहा आणि वन विभागाला कळवा. ओमानकडच्या फोटोंशी तो जुळवून पाहता येतो.

नमस्कार.